मॅनेजरला हाकलायचं का? नवीन येणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मॅचला नवीन माणूस आला की मध्यंतरापर्यंत गप्प बसतो आणि मध्यंतरात हमखास विचारतो, "याला अजून काढला कसा नाही?" मग पुढची मॅच कोणी बघत नाही. ते टळावं म्हणून हे एकदाचं लिहून काढलं आहे. मॅनेजरचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. २०१३ पासून ते इतक्यांदा खोडावं लागलं की आता जागा कोरी सोडलेली बरी.

तुम्ही नक्की कोण?

कोथरूडमध्ये एका मित्राच्या घरी, वरच्या खोलीत मॅच बघणारी सात-आठ माणसं. पूर्वी एका हॉटेलात मोठ्या पडद्यावर बघायचो. एकदा मॅच ऐन भरात असताना मालकांनी क्रिकेट लावलं. आम्ही बोललो, ते बोलले, तेव्हापासून घरीच. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. हिंजवडीला जाणारे तिघं आहेत. फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आहे, ती खेळाडू लंगडला की कॉमेंट्रीवाल्यांच्या आधी स्नायूचं नाव सांगते. आणि एक कोल्हापूरकर आहे. त्याचं पुढे येईलच.

मॅनेजर म्हणजे कोचच ना?

बोलताना आम्हीही काहीही म्हणतो. पण जुन्या इंग्लिश पद्धतीतला मॅनेजर म्हणजे एकत्र कुटुंबातला कर्ता. संघ तो निवडणार, कुठला खेळाडू घ्यायचा आणि कुठला विकायचा तेही तोच सांगणार, अकादमीत कुठलं पोरगं बरं खेळतंय याचीही त्याला खबर. १९८६ ते २०१३ युनायटेडचे मॅनेजर असलेले ॲलेक्स फर्ग्युसन तसे होते. आता बहुतेक क्लबांत खरेदी-विक्रीला वेगळा स्पोर्टिंग डायरेक्टर असतो आणि मॅनेजरकडे सराव आणि मॅच एवढंच उरतं. युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिमला आणलं तेव्हा हुद्दाच 'हेड कोच' असा दिला. अधिकार आटले, पण मॅच हरल्यावर माईकसमोर बसायचं काम त्याच्याकडेच राहिलं.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा: 'हाकला' म्हणायच्या आधी त्याच्या हातात काय होतं ते सांगायचं.

हाकला-पक्षाचं म्हणणं थोडक्यात काय?

थोडक्यात त्यांना सांगता येत नाही, पण बघू.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने, प्रत्येक विजयाला ३ गुण, म्हणजे सगळे मिळून ११४. २०२४-२५ च्या हंगामात युनायटेडने त्यातले ४२ मिळवले आणि पंधराव्या क्रमांकावर राहिले. १९७३-७४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट जागा. हाकला-पक्ष म्हणतो, एवढे पैसे ओतून पंधरावे येत असाल तर धीर कशाचा धरायचा? संघ सुधारत असेल तर हरतानाही ते दिसतं. तीन महिन्यांपूर्वी जी चूक होती तीच आज होत असेल, कॉर्नरवर तोच खेळाडू मोकळा सुटत असेल, आणि मॅनेजर साठाव्या मिनिटाला तेच तीन बदल करत असेल, तर तो शिकत नाहीये. हा शेवटचा मुद्दा फिजिओथेरपीवाल्या मुलीचा आहे आणि मला तो पटतो.

आणि थांबा-पक्षाचं?

त्यांचा मुद्दा लग्नातल्या स्वयंपाकाचा आहे. आचारी बदलला, पण कोठीतला किराणा आधीच्याने भरलेला. अमोरिमच्या आधीच्या एरिक टेन हागने आयॅक्स या डच क्लबमध्ये आपल्या हाताखाली खेळलेले ओनाना, अँटनी, लिसांद्रो मार्तिनेझ, पुढे डी लिख्त आणि मझरावी आणले. २०२४ च्या उन्हाळ्यातली खरेदी होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात २८ ऑक्टोबरला त्यालाच काढलं. त्याच्या जागी आलेल्या अमोरिमची पद्धत मागे तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि दोन्ही बाजूंना वर-खाली धावणारे विंग-बॅक अशी, आणि घेतलेले खेळाडू चौघांच्या बचावफळीच्या हिशेबाने. मग त्याने त्यातून पंगत उठवायची. थांबा-पक्ष विचारतो, असल्याला हाकलून आणखी एक आणलात तर तो काय, कोठी डोक्यावर घेऊन येणार आहे?

बँकवाले काका या पक्षाचे. सलग तीन पराभव झाले की तेही पक्ष बदलतात, पण तात्पुरता.

फर्ग्युसनचं उदाहरण द्यायला बंदी का? दंड खरंच घेता?

घेतो. जो नाव काढेल त्याने सगळ्यांना वडापाव. कारण थांबा-पक्ष दर वेळी तिथेच जाऊन बसतो आणि मग बोलणंच संपतं.

नवीन असाल तर गोष्ट एकदा ऐकून घ्या. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. तो हंगाम अकरावे, पुढचा दुसरे, मग पुन्हा अकरावे, मग तेरावे. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून ५-१ मार खाल्ला. त्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानावर, एका प्रेक्षकाने चादरीवर लिहून आणलं होतं, की तीन वर्षं सबबी ऐकतोय, खेळ अजून भिकारच, आता राम राम. जानेवारी १९९० मध्ये एफए कपात (हरला की बाहेर, अशी इंग्लंडची स्पर्धा) नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला, युनायटेड १-० जिंकले आणि मे महिन्यात कपही आला. लीग मात्र १९९२-९३ मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांनी. मे २०१३ ला निवृत्त झाले तेव्हा १३ लीग आणि एकूण ३८ करंडक.

यातून लोक एवढंच घेतात की 'थांबलं की होतं'. पण त्या तेरा-अकराच्या वर्षांत मागे काय चाललं होतं ते कोणी सांगत नाही. फर्ग्युसननी पोरं हेरणारी माणसं बदलली आणि अकादमी नव्याने बांधली. १९९२ मध्ये एफए युथ कप जिंकणाऱ्या संघात गिग्ज, बेकहम आणि गॅरी नेव्हिल होते. थांबण्यासारखं काहीतरी खाली शिजत होतं आणि ते वरच्यांना दिसत होतं. तुमच्या मॅनेजरच्या बाबतीत तसं काय शिजतंय ते दाखवा, मग नाव काढा. वडापाव तरीही द्यावा लागेल.

मॅनेजर बदलला की संघ लगेच जिंकायला लागतो, हे खरं का?

याचं उत्तर आमच्या वहीत आहे. खोलीत टीव्हीखाली २०० पानी लाँग बुक असते, कोपरे दुमडलेली, मागच्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचं गोल. प्रत्येक मॅचनंतर प्रत्येकाने तारीख टाकून एक ओळ लिहायची: हाकला की थांबा, आणि का.

डिसेंबर २०१८ मध्ये मोरिन्योला काढलं आणि हंगाम संपेपर्यंत म्हणून ओले गुन्नार सुलशारला आणलं. पहिलाच सामना कार्डिफमध्ये, ५-१. लागोपाठ आठ विजय. मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, पॅरिसला, पहिला सामना घरी २-० हरलेले असताना, भरपाईच्या वेळात रॅशफर्डने पेनल्टी मारली आणि ३-१ जिंकून, परक्या मैदानावरच्या जास्त गोलांच्या नियमाने, पुढच्या फेरीत गेले. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन होत आले होते. त्या रात्रीची वहीतली ओळ: "याला आत्ताच्या आत्ता कायम करा. पगार मी देतो." लिहिणाऱ्याचा पगार आम्हाला माहीत आहे, तो जाऊ दे.

हंगामी म्हणून १९ पैकी १४ सामने जिंकल्यावर २८ मार्च २०१९ ला क्लबने त्याला खरंच कायम केलं. पुढच्या दहापैकी दोन जिंकले. शेवटचा सामना घरच्या मैदानावर पुन्हा कार्डिफशी, तोवर कार्डिफ खालच्या श्रेणीत गेलं होतं, आणि ०-२ हरले. वहीत तेच अक्षर, तेच निळं पेन: "कोणी कायम केला रे याला?"

तर होतं काय, की ताप सगळ्यात जास्त चढलेला असतो तेव्हाच आपण डॉक्टर बदलतो. ताप उतरायचा तेव्हा उतरतो आणि नाव नव्या डॉक्टरचं होतं. बास तेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ चे हंगाम तपासले. घसरण लागल्यावर ज्यांनी मॅनेजर काढला ते क्लब सावरले, आणि तशीच घसरण लागूनही ज्यांनी काढला नाही तेही साधारण तितकेच सावरले. वाईट काळ बऱ्याचदा आपणहून संपतो.

म्हणून कधीच काढू नये असंही नाही. ॲस्टन व्हिलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरार्डला काढून उनाय एमरीला आणलं. तळाशी घुटमळणारा संघ त्या हंगामात सातवा आला आणि पुढच्या हंगामात चौथा. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डच्या जागी टूखल आणला आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. दोन्हीकडे काही दिवसांतच आधीच्यापेक्षा चांगला माणूस जागेवर आला होता. 'आधी हाकला, मग बघू' यातला 'मग बघू' हा भाग महाग पडतो.

कप जिंकला तर नोकरी पक्की?

अजिबात नाही. युनायटेडचा व्हान गाल मे २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत गेला. चेल्सीचा डी मातेओ मे २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला, नोव्हेंबरात घरी. लेस्टरला २०१६ मध्ये लीग जिंकून देणारा रानिएरी फेब्रुवारी २०१७ मध्ये गेला. टॉटनहॅमच्या पोस्तेकोग्लूने २१ मे २०२५ ला बिल्बाओत युरोपा लीगचा (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपातली स्पर्धा) अंतिम सामना जिंकला, तोही आपल्याचविरुद्ध, १-० असा. सोळा दिवसांनी त्याला काढलं, कारण लीगमध्ये सतरावे आले होते.

सगळ्यात कहर टॉमी डॉकर्टीचा. त्याच्या हाताखाली १९७४ मध्ये युनायटेड दुसऱ्या श्रेणीत उतरलं, तरी त्याला ठेवलं, आणि वर्षात त्याने वर आणलं. १९७७ मध्ये एफए कप जिंकून दिला आणि दोन महिन्यांत हकालपट्टी. का? क्लबच्या फिजिओच्या बायकोशी प्रेमप्रकरण उघड झालं म्हणून.

'बोर्डाचा मॅनेजरला पूर्ण पाठिंबा आहे' अशी बातमी आली. म्हणजे?

सामान बांधायला घ्यावं.

आणि 'परस्परसंमतीने'?

एकाची संमती, दुसऱ्याला चेक.

काढायचंच तर कधी काढतात?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात देशांच्या सामन्यांसाठी लीगला दोन आठवड्यांची सुट्टी असते. नव्या माणसाला सरावाला दिवस मिळतात, म्हणून त्याच्या आजूबाजूला काढाकाढी जास्त. फर्ग्युसननंतर आलेल्या डेव्हिड मोयेसचं वेगळं. त्याला सहा वर्षांचा करार दिला होता. एप्रिल २०१४ मध्ये एव्हर्टनकडून २-० हरल्यावर चॅम्पियन्स लीगची जागा गणितानेही मिळणं अशक्य झालं आणि दोनच दिवसांत त्याला काढलं. दहा महिने झाले होते. त्याआधी मार्चमध्ये काही लोकांनी वर्गणी काढून ओल्ड ट्रॅफर्डवरून त्याच्याविरुद्ध फलक लावलेलं विमान उडवलं होतं. ती मॅच युनायटेड ४-१ जिंकले.

एक्सजी (एक्स्पेक्टेड गोल्स) काय भानगड आहे?

प्रत्येक फटका जिथून मारला तिथून साधारण किती वेळा गोल होतो, त्याचा आकडा. पेनल्टीला पाऊणच्या वर, पस्तीस मीटरवरून मारलेल्या आशेला जवळजवळ शून्य. सगळ्यांची बेरीज करायची. गोल होत नाहीत पण बेरीज चांगली असेल तर थांबा-पक्ष खूश. काका म्हणतात, बँकेत 'येणे बाकी' असंच दाखवायचे.

आर्सेनलने आर्टेटाला वेळ दिला, झालं ना चांगलं?

झालं. डिसेंबर २०१९ मध्ये आला, आठवा, आठवा, पाचवा, मग २०२४-२५ पर्यंत सलग तीनदा दुसरा. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तीनही सामने हरून संघ तळाला होता, तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाने त्याला काढला असता. पण त्या काळात क्लबने मोठ्या पगाराचे जुने खेळाडू मोकळे केले, तरुण घेतले, आणि सगळं त्याच्या पद्धतीला जुळेल असं घेतलं. म्हणजे वाट पाहताना हातावर हात ठेवून कोणी बसलं नव्हतं. आपल्याकडे तेवढ्या काळात किती मॅनेजर आणि किती पद्धती झाल्या ते मोजा. एका हाताची बोटं लागतील.

हाकलायला खर्च किती येतो?

करार उरलेला असतो, त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि नवा दुसऱ्या क्लबात असेल तर त्यांनाही. जुलै २०२४ मध्ये टेन हागचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि ऑक्टोबरात काढला. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना घालवायला सुमारे १ कोटी ४ लाख पौंड. अमोरिमला सोडवायला स्पोर्टिंग लिस्बनला सुमारे १ कोटी १० लाख युरो. स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थ जुलैत रुजू झाला आणि डिसेंबरात गेला, त्याचे आणखी वेगळे.

त्याच वर्षी क्लबने काटकसर म्हणून सुमारे २५० कर्मचारी कमी केले. ही ओळ वहीत काकांनी लाल पेनाने लिहिली आहे आणि तिच्यापुढे हाकला-थांबा काहीच लिहिलेलं नाही.

मग मालकांनाच का नाही हाकलत?

प्रश्न बरोबर आहे, पत्ता सापडत नाही. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. लोक २०१० मध्ये क्लबच्या जन्मीच्या, न्यूटन हीथच्या, हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर घालून आले. २ मे २०२१ ला लोक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफने पाव हिस्स्याहून थोडा जास्त विकत घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे गेला. ग्लेझर अजून आहेत.

मॅनेजरला काढायला एक बैठक पुरते. मालकाला काढायला दुसरा मालक लागतो. म्हणून सगळा राग जिथे दार उघडं आहे तिथे जातो.

तुम्ही पुण्यात. मँचेस्टरची एवढी उठाठेव कशाला? आपल्या गावचा क्लब बघा की.

हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही आधी पाणी देतो.

बघत होतो हो. २००७ मध्ये पुणे एफसी झाला, डेरिक परेरांच्या हाताखाली २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरा आला. आता नाही. भारत एफसी २०१४-१५ चा एक हंगाम खेळला. नाही. डीएसके शिवाजियन्स २०१७ पर्यंत. नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आला, पहिल्याच वर्षी फ्रान्सच्या त्रेझेगेला घेऊन. बालेवाडीला नारंगी शर्ट घालून जायचो आणि परत येताना चांदणी चौकापर्यंत मॅनेजरला शिव्या. पाच हंगामांत कोलोंबा, प्लॅट, हबास, पोपोविच झाले. मग मिगेल आंगेल पोर्तुगाल (आडनाव तसं, माणूस स्पेनचा), त्याला २०१८ चा हंगाम सुरू झाल्यावर जेमतेम महिनाभरात काढलं. शेवटी फिल ब्राउन.

पोपोविचच्या वर्षी, २०१७-१८ ला, उपांत्य फेरी गाठली. बालेवाडीत बेंगळुरूशी ०-०, तिकडे छेत्रीने तीन मारले आणि ३-१. त्या रात्री आम्ही याच खोलीत दोन तास भांडलो की पोपोविचला ठेवावं की नाही. वर्षाने, २०१९ मध्ये, क्लबच बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली आणि फिल ब्राउनही तिकडे गेला. मॅनेजर टिकला, क्लब गेला. असं आमच्या वहीत कुठल्या रकान्यात बसवायचं?

कोल्हापूरकराला हे ऐकून दर वेळी नवल वाटतं. त्याच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हे संघ तालमींचे आणि पेठांचे. शाहू स्टेडियमवर हरले तर पेठेत चार दिवस तोंड दाखवायला जागा नसते, पण संघ विकून कोणी दुसऱ्या गावाला नेत नाही. "हरली म्हणून तालीम बंद करतंय व्हय कोण?" असं तो म्हणतो, आणि आम्ही विषय बदलतो.

माझा मुलगा तुमच्याकडे येतो. रात्री दीड वाजता कसली मॅच असते? (एका आईंचा प्रश्न)

काकू, खरंच असते. हिवाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिथली रात्री आठची मॅच आपल्याकडे ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेबाराला, नंतर दीडला. शनिवारी दुपारी तीनची असेल तर हिवाळ्यात साडेआठला, जेवायच्या वेळी. घरी ओरडण्यापेक्षा इथे ओरडलेला बरा, म्हणून येऊ द्या. डबा दिलात तर उत्तमच.

शेवटी तुमचं मत काय? हाकलावं की नाही?

माझं मत विचाराल तर तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हाकलावं: खेळाडू त्याच्याच पसंतीचे असूनही त्याला बसवता येत नाहीत, तीच चूक महिनोन्‌महिने होतेय, आणि पुढचा माणूस कोण हे क्लबला माहीत आहे. तिसरी गोष्ट युनायटेडमध्ये २०१३ पासून मी तरी क्वचितच पाहिली, त्यामुळे मी बहुतेक वेळा 'थांबा' लिहितो आणि घरी जाताना पस्तावतो.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

चपला जिन्याखाली काढा, खालच्या आजी झोपलेल्या असतात. गोल झाला तर उडी मारा पण जमिनीवर आपटू नका. पेन स्वतःचं आणा. वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन कोल्हापूरकराने मागच्या पराभवानंतर खेचून काढलं, ते टीव्हीमागे पडलं आहे आणि टीव्ही सरकवायला कोणी तयार नाही.